तीन चाकांवर डुलत: कार्व्हिंग स्कूटरच्या नोंदी, सोलापूर

८ डिसेंबर २०२४, रविवार

गाडी आली. काल संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याहून आणली, घडी घालून, जुन्या चादरीत गुंडाळून. शेजारच्या काकूंनी कुर्डुवाडीपर्यंत कसाबसा दम धरला, मग विचारलंच, "काय हाय ओ ह्यात? खुर्ची?" मी म्हणालो, स्कूटर. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

ज्यांनी ही पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पुढे एक चाक आणि हँडल, मागे दोन दांडे फाकलेले, प्रत्येक दांड्याच्या टोकाला एक चाक आणि एक पाय ठेवायची फळी. पेडल नाही. पायानं ढकलायचं ते फक्त सुरुवातीला. पुढे हँडल वळवत अंग डावीउजवीकडे झुकवायचं, आणि गाडी सापासारखी वळणं घेत पळते. ब्राझीलच्या गिल्डो बेलेस्की यांची ही कल्पना. अमेरिकेत ती ट्राइक नावानं विकली गेली, पुढे तिची मोटरवालीही निघाली. माझ्या गाडीवरचं लेबल मात्र उन्हानं उडालंय, कुणाची बनावट ते कळत नाही.

नव्या पेठेत आधी चौकशी केली होती. दुकानदारानं तीन चाकांची लहान मुलांची स्कूटर दाखवली, पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली. ती वेगळी वस्तू. तिच्यावर एका पायानं ढकलावंच लागतं.

मला ही का हवी होती? गुडघा. डॉक्टरांनी पळणं बंद केलं, सायकल चालेल म्हणाले, आणि सायकलचा मला लहानपणापासून कंटाळा. मागितले १४,०००, दिले ९,५००. घासाघीस करण्यात एवढा रमलो की गाडी नीट तपासलीच नाही. घरी आल्यावर हँडलचा खांब धरून हलवला तर खाली सांध्यात टक-टक. म्हटलं, जुनी आहे, वाजणारच.

११ डिसेंबर

मागच्या दोन्ही टायरना बाजूनं भेगा. माप २०० बाय ५०, म्हणजे इलेक्ट्रिक किक-स्कूटरला लागतात तेच, त्यामुळे मिळाले. टायर ६५०, ट्यूब २५०, दोन्ही चाकांचे मिळून १,८००.

बसवायला चौकातल्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्यानं चाक हातात घेऊन फिरवलं, हसला आणि परत दिलं. एवढ्याशा चाकात त्याची पहार शिरतच नाही. घरी दोन चमचे आणि साबणाचं पाणी घेऊन बसलो. पहिली ट्यूब चमच्याच्या कडेनं चिरली. चमचा नको, प्लॅस्टिकचा लिव्हर घ्या. आणि वाकड्या नळीची ट्यूब घ्या. सरळ नळी रिमच्या आत इतकी दबते की पंपाचं तोंड लागत नाही.

१५ डिसेंबर, रविवार

पहिला प्रयत्न. जागा चुकली. पहाटे होम मैदानावर गेलो. माणसं कमी, पडलो तर कुणी बघणार नाही हा हिशोब. पण जमीन भुसभुशीत. चाकं दोन बोटं रुतली आणि अंग कितीही हलवलं तरी गाडी जागच्या जागी डुलत राहिली. फिरायला आलेले एक आजोबा थांबून बघत होते. शेवटी म्हणाले, "बिघडलीय का ओ?"

या गाडीला कठीण, गुळगुळीत जमीन लागते. सिमेंट सगळ्यात चांगलं, डांबर चालेल, पेव्हर ब्लॉकवर दात वाजतात.

१८ ते २२ डिसेंबर

आता जागा कारखान्याची. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात वीव्हिंग मास्तर आहे. गोडाऊनमागे साधारण १४० मीटर सिमेंटचा रस्ता आहे, ट्रक येतात त्या बाजूला किंचित उतार. मालकांनी परवानगी दिली, अट एकच: कामाच्या वेळेत नाही.

चार दिवस रोज अर्धा तास. उतारावर छान जाते, सपाटीला आली की दहा-बारा मीटरमध्ये मेली. मला वाटलं मलाच जमत नाही. फोनवर व्हिडिओ बघून कधी हात बदलले, कधी पाय. काही फरक नाही.

२२ तारखेला आमच्या फिटरनं बघितलं. त्यानं गाडीला हातही लावला नाही, नुसता आवाज ऐकला. म्हणाला, "मास्तर, तुम्ही दाबताय ते चाकापर्यंत जातच नाय. मधी खेळ हाय."

बरोबर होतं. खेळ म्हणजे सांध्यातला सैलपणा. या गाडीचं सगळं काम एका सांध्यावर चालतं. तिथं दोन्ही मागचे दांडे पुढच्या खांबाला जोडलेले असतात, आणि त्या सांध्यामुळेच गाडी तिरकी होऊनही तिन्ही चाकं जमिनीवर राहतात. माझ्या गाडीचे तिथले बुश, म्हणजे पिनेभोवतीच्या धातूच्या नळ्या, झिजले होते. प्रत्येक झुकण्यातला पहिला जोर त्या टक-टकीतच संपत होता. आठवडाभर मी स्वतःला नावं ठेवत होतो.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे एवढं कराच: पुढचं चाक पायांत घट्ट धरा, मागचा एक दांडा हातानं उचलून सोडा. आवाज आला तर किंमत हजारानं खाली आणा किंवा घरी जा.

२४ डिसेंबर

जुगाड: कोल्ड्रिंकच्या बाटलीची पट्टी कापून पिनेभोवती गुंडाळली. आवाज गेला. मी खूश.

२६ डिसेंबर

पट्टीचा चुरा झाला.

२८ डिसेंबर

एमआयडीसीतल्या लेथवाल्या काकांकडे गेलो. ते आमच्या मागांचे बुश करतात. पिन १६ मिलिमीटरची, तिला मध्ये झिजून खाच पडलेली, म्हणून पिनही नवी. बुश गनमेटलचे, दोन. बुशचे ७००, पिनेचे २५०.

इथं चूक माझी. मी घाईनं म्हणालो, भोक बरोबर १६ चं करा. काका म्हणाले, थोडं मोठं ठेवतो. मी म्हणालो, नको, पुन्हा खेळ यायला नको. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं तसं करून दिलं. घरी व्हाइसमध्ये बुश दाबून बसवले आणि पिन जाईना. बुश त्याच्या खोबणीत दाबून बसवला की त्याचं भोक आवळतं, हे मी वीस वर्षं मागांवर बघतोय, पण स्वतःच्या गाडीच्या वेळी डोकं चाललं नाही. हातोडीनं पिन ठोकली. ती गेली, पण सांधा इतका घट्ट झाला की गाडी झुकेचना.

सोमवारी तशीच गाडी उचलून काकांकडे. त्यांनी भोक हलकंच मोठं करणारा रीमर फिरवला, पाच मिनिटांत पिन अंगठ्यानं सरकायला लागली. पैसे घेतले नाहीत. "मास्तर, हे शिकवणीचे समजा," एवढंच म्हणाले.

ग्रीस भरपूर लावू नका. आपल्याकडची धूळ त्यात बसते आणि मग तीच पॉलिश पेपरचं काम करते. मी बाजूंना फेल्टचे वॉशर घातले आणि तेलाचे दोन थेंब दिले.

५ जानेवारी २०२५, रविवार

चालली.

नेमकं काय झालं ते लिहून ठेवतो, कारण उद्या मलाच आठवणार नाही. आतापर्यंत मी आधी हँडल फिरवत होतो आणि अंग मागून नेत होतो. आज दोन्ही एकदम केलं: हँडल डावीकडे, कंबर डावीकडे, छाती समोर. वळण पुरं व्हायच्या आतच उजवीकडे. गुडघे किंचित वाकलेले, तळवे फळीवर सपाट. तेव्हा गाडीनं पहिल्यांदा स्वतःहून ओढ घेतली. मागावर धोटा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जातो तसा भार इकडून तिकडे जायला लागला, आणि ते लयीत आलं की जोर लागतच नाही.

१४० मीटर, एकदाही पाय न टेकता. परतीला चढ होता म्हणून तिथं उतरलो.

टायरची हवा ३० पीएसआय होती ती ५० केली, तर तेवढ्याच जोरात गाडी साधारण दीडपट पुढं गेली. टायरच्या बाजूला कमाल हवा छापलेली असते, तिच्यापुढं जाऊ नका.

दुखतं कुठं? गुडघा अजिबात नाही. पोटाच्या बाजू आणि दंड मात्र दुसऱ्या दिवशी उठू देत नाहीत.

१९ जानेवारी, रविवार

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत आठवडाभर सराव बंद होता. नातेवाईक, पाहुणे, शेंगा चटणीच्या पुड्या पोचवणं. आज जोशात गेलो आणि पडलो.

उतारावर वेग आला, समोर कुत्रं आडवं आलं. मी हँडल वळवलं पण अंग सरळच ठेवलं. आतलं मागचं चाक उचललं आणि मी बाहेरच्या बाजूनं पडलो. डावा हात टेकवला. मनगटाला बारीक क्रॅक, प्लॅस्टर तीन आठवडे. एक्स-रे, प्लॅस्टर, औषधं मिळून ३,८००.

हेल्मेट होतं, मनगटाचा गार्ड नव्हता. घरी मंडळी फारसं बोलल्या नाहीत. फक्त प्लॅस्टरवर निळ्या पेनानं "स्कूटर" लिहिलं.

कारण लक्षात ठेवा. वेगात असताना हँडल वळवायचं तर अंग त्याच बाजूला आत झुकलंच पाहिजे. न झुकता वळवलं तर तीन चाकांची कुठलीही गाडी बाहेरच्या बाजूला कलंडते. रिक्षावाल्यांना विचारा. आणि अडचण आली तर वळू नका, ब्रेक लावा. मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक एकदम दाबा. एकच दाबला तर गाडी त्या बाजूला ओढते.

१६ फेब्रुवारी

प्लॅस्टर सुटून आठवडा झाला. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड मिळून १,६५०. हात बावरलाय, पण पाय विसरलेले नाहीत.

१८ फेब्रुवारी ते १ मार्च

सराटे. बारा दिवसांत पाच पंक्चर. गोडाऊनच्या कुंपणालगत सराट्याचं वेल वाळलंय आणि वारा त्याची फळं रस्त्यावर आणून टाकतो. चार बाजूंना काटे, कसंही पडलं तरी एक काटा वर. मोठ्या सायकलला एवढं लागत नाही, हे छोटं चाक अंतर कापताना जास्त वेळा फिरतं आणि बरोबर काट्यावर येतं, असं मला रागाच्या भरात वाटायला लागलं होतं.

आधी भरीव रबरी टायर लावून बघावं म्हटलं. फिटरच्या ओळखीनं एक जोडी उसनी आणली. पंक्चरची कटकट संपली, पण सिमेंटच्या प्रत्येक सांध्यावर हँडल झणझणतं आणि वळणात पकड कमी. दोन दिवसांत परत केली. बाहेरच्या देशांत पॉलियुरेथेनच्या कडक चाकांच्या गाड्याही विकल्या जातात. गुळगुळीत हॉलमध्ये ठीक असतील, आपल्या रस्त्यावर घेऊ नका.

इलाज: ट्यूबमध्ये भोक आपोआप बुजवणारं सीलंट आणि हातात झाडू. सीलंट ६००. झाडू वॉचमनचा. रोज आधी दहा मिनिटं झाडतो. तेव्हापासून एकच पंक्चर, तेही बाभळीच्या काट्यानं.

२ मार्च

मोटर बसवायची ठरवली. खरं कारण सांगतो: चढ. परतीचे ४० मीटर गाडी ओढत न्यायचा कंटाळा. भाचा म्हणाला, "मामा, दीड महिना शिकलात आणि आता मोटर?" त्याला उत्तर दिलं नाही.

तयार इलेक्ट्रिक मॉडेलमध्ये बहुतेक मोटर पुढच्या चाकातच असते. तेच करायचं. ३६ व्होल्ट, २५० वॉटचं आठ इंची हब मोटरचं चाक, कंट्रोलर, थ्रॉटल: ११,२००. लिथियम बॅटरी ३६ व्होल्ट १० अँपिअर-तास: १२,५००.

कायद्याचं आधीच लिहितो, कारण विचारणारे भेटतात. २५० वॉटपेक्षा कमी आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत असलं की लायसन्स-नंबर लागत नाही, एवढंच सगळ्यांना पाठ असतं. पण ती सूट मान्यताप्राप्त तपासणी संस्थेनं पास केलेल्या मॉडेलला आहे, पुण्याची एआरएआय ही त्यातली एक. घरी जोडलेल्या गाडीला ती लागू होत नाही. शिवाय माझी मोटर २५० ची, त्याहून कमी नाही. म्हणून मोटर लावलेली गाडी कंपाउंडच्या बाहेर काढलेली नाही, काढणारही नाही.

२३ मार्च, रविवार

बसवली. बॅटरी आधी हँडलच्या खांबावर, छातीच्या उंचीला बांधली, कारण तिथं जागा होती. पहिल्याच वळणाला खांब असा काही आत पडला की हात सोडवावा लागला. तीन किलो वजन वर असणं म्हणजे काय ते कळलं. काढून सांध्याच्या अगदी वर, जमिनीपासून वीतभर उंचीवर पट्ट्यानं आवळली. लगेच गाडी शहाणी झाली.

दुसरी भानगड थ्रॉटलची. किटमध्ये मोपेडसारखं पिळायचं थ्रॉटल आलं होतं. या गाडीत वळताना हँडल घट्ट धरून खेचावं लागतं, आणि खेचलं की मनगट आपोआप पिळतं. उजवं वळण घेतलं की गाडी उसळायची. अंगठ्यानं दाबायचं थ्रॉटल मागवलं.

३० मार्च, पाडवा

सकाळी गुढी, दुपारी पुरणपोळी, संध्याकाळी चाचणी. चढ सर्र्कन गेली. मुलं टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या असत्या, पण हात गुंतलेले होते.

६ एप्रिल, रविवार

चढावर थ्रॉटल पूर्ण दाबलं. खाली कटकन आवाज, मोटर थांबली, जळका वास. पुढचं चाक काढलं तर एक्सल चाक धरणाऱ्या चिमट्यात गोल फिरलेला आणि तारा पिळवटून तुटलेल्या.

हब मोटर चाकाला जेवढ्या जोरानं पुढं फिरवते तेवढाच जोर एक्सलला मागं फिरवायला लागतो. सायकलच्या साध्या एक्सलवर तो जोर नसतो, म्हणून माझ्या गाडीच्या पुढच्या चिमट्याची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर. नट कितीही आवळा, पुरत नाही. टॉर्क आर्म नावाची पट्टी लागते, ती किटमध्ये नव्हती आणि मला मागायचं सुचलं नाही.

काकांनी पाच मिलिमीटरच्या पत्र्यातून दोन पट्ट्या कापून दिल्या, एक्सलच्या चपट्या बाजूला अगदी घट्ट बसणाऱ्या, दुसरं टोक चिमट्याला बोल्टनं. ४००. तारा बदलणं आणि अंगठ्याचं थ्रॉटल मिळून ९००. या वेळी मापाबाबत मी तोंड उघडलं नाही.

२७ एप्रिल

ऊन. दुपारी रस्त्यावर पाय ठेवता येत नाही. सराव पहाटे साडेपाच ते सव्वासहा, बस.

बॅटरी एकदा दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंगला लावली होती. हात लावला तर इस्त्रीसारखी. लगेच काढली. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि पत्र्याखाली सोलापुरात तेवढं सहज होतं. आता रात्री दहानंतर, फरशीवर, पंख्याखाली. गाडी उन्हात उभी करायची असेल तर टायरची हवा पाच-सहा पीएसआयनं कमी भरा, दुपारी ती आपोआप वाढते.

११ मे, रविवार

महिनाभर मोटरवर फिरल्यावर आज बॅटरी संपली म्हणून नुसत्या अंगानं चालवायला गेलो. दहा मीटर. पुन्हा डिसेंबरसारखं.

आधी बुश तपासले, ठीक. हवा तपासली, ठीक. मग पुढचं चाक उचलून हातानं फिरवलं: अर्धा फेरा आणि बंद. बिनगिअरची मोटर आहे, स्वस्त म्हणून घेतलेली. बंद असताना तिचे चुंबक चाकाला अडवतात. गिअरवाल्या हबमध्ये आत क्लच असतो, ती बंद असताना चाक मोकळं फिरतं. घेताना दुकानदाराला विचारायचा प्रश्न हाच होता, आणि मी विचारला होता फक्त वॉट.

पण दोष नुसता मोटरचा नव्हता. जुनं साधं चाक परत लावून बघितलं, तरी ४०-४५ मीटरच. झुकणं आळशी झालं होतं. महिनाभर मोटर पुढं ओढत होती, मी वर उभा राहून वळणं घेतल्याचा देखावा करत होतो. सांध्यात खेळ आला असता तरी मला कळलं नसतं.

१८ मे

साधं चाक लावून आठवडाभर. पुन्हा १४० मीटर. चढावर शेवटचे पंधरा मीटर उरतात, तिथं उतरतो. जानेवारीत चाळीस उरायचे.

२५ मे, रविवार

दोन्ही चाकं ठेवली आहेत. बदलायला बारा मिनिटं लागतात. गोडाऊनला फेऱ्या असल्या की मोटरचं, सकाळी साधं. नुसत्या मोटरवर एका चार्जिंगला १९ किलोमीटर गेली, सोबत अंगही चालवलं तेव्हा २६.

हिशोब मांडला. गाडी ९,५००, टायर-ट्यूब १,८००, बुश-पिन ९५०, सीलंट ६००, हेल्मेट-गार्ड १,६५०, मनगट ३,८००. एकूण १८,३००. मोटरचा खर्च वेगळा: किट ११,२००, बॅटरी १२,५००, दुरुस्त्या १,३००, म्हणजे २५,०००. सगळे मिळून ४३,३००. घरी मी पहिला आकडा सांगितलाय.

आज लेथवाले काका सहज आले होते. म्हणाले, "बघू तरी काय केलंय." वय एकसष्ट. मी साधं चाक लावून दिलं, हेल्मेट दिलं, उतारावर उभं केलं आणि धरायला शेजारी पळत राहिलो. सपाटीला आल्यावर मला पळून पोचता येईना. काका गोडाऊनच्या टोकाला जाऊन थांबले, उतरले, वाकून सांध्याला कान लावला आणि लांबून ओरडले, "मास्तर, मागलं डावं बेअरिंग कुरकुरतंय!"

६००१ नंबरचं आहे. उद्या दोन्ही आणतो.